पुस्तकातल्या कोड्यावरून पुरलेला खजिना : कोडं सुटलं नाही तर चूक कुणाची?

आगरवाट
१४ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आमच्या गुहागरजवळच्या घरी भावंडांची मिळून सात मुलं येणार आहेत, सहा ते तेरा वयाची. त्यांच्यासाठी हाताने लिहून-रंगवून एक छोटं पुस्तक करतोय. गोष्ट असेल, चित्रं असतील आणि त्यातच आगरात पुरलेल्या बरणीचा पत्ता लपवलेला असेल. बरणीत माझ्या आजोबांकडची चांदीची पाच नाणी.

ही कल्पना माझी नाही. किट विल्यम्स नावाच्या इंग्लंडमधल्या चित्रकाराने १९७९ मध्ये 'मास्करेड' हे पुस्तक काढलं. गोष्ट एका सशाची. चंद्राने सूर्यासाठी दिलेलं रत्न तो घेऊन निघतो आणि ते वाटेत हरवून बसतो. किटने स्वतःच्या हाताने १८ कॅरट सोन्याचा ससा घडवला आणि इंग्लंडमध्ये कुठेतरी पुरला. पत्ता पुस्तकातल्या १५ चित्रांत. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या, लोकांनी कुदळी-फावडी घेऊन शेतंच्या शेतं उकरली, आणि दोन-अडीच वर्षं कुणालाही ससा मिळाला नाही.

माझं मत आधीच सांगतो. ज्याने पुरलं, त्याच्यावर ते सापडण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी असते. वर्षानुवर्षं कोडं सुटत नसेल तर त्यात शोधणाऱ्यापेक्षा लपवणाऱ्याचा दोष जास्त. तुम्हाला काय वाटतं? आणि मुलांसाठी असं काही केलं असेल तर अनुभव जरूर लिहा.

---

मिनू
१४ एप्रिल, रात्री १०:२०

पाच नाणी आणि सात मुलं? खजिन्याआधी भांडणं सापडतील. :)

---

आगरवाट
१४ एप्रिल, रात्री १०:२६

@मिनू, खरंय, लक्षातच आलं नव्हतं. आईकडे आणखी दोन आहेत, मागतो.

---

शब्दकोडी
१४ एप्रिल, रात्री ११:०५

विषय जिव्हाळ्याचा, म्हणून सविस्तर लिहिते.

'मास्करेड'चं उत्तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. प्रत्येक चित्राला चौकट आहे आणि चौकटीवर अक्षरं. चित्रातल्या माणसाच्या किंवा प्राण्याच्या डावीकडच्या डोळ्यापासून त्याच बाजूच्या सर्वांत लांब बोटावरून सरळ रेघ ओढायची, ती चौकटीतल्या एका अक्षरावर जाते. मग त्याच डोळ्यापासून पायाच्या अंगठ्यावरून. मग उजव्या बाजूचं तसंच. अशी अक्षरं जुळवली की प्रत्येक चित्रातून एक शब्द किंवा छोटा शब्दसमूह मिळतो. सगळे ओळीने वाचले तर अर्थ निघतो: कॅथरिनचं लांब बोट जमिनीवर सावली टाकतं, तिथे पिवळा ताईत पुरलाय, विषुवदिनाच्या उजेडात मध्यान्ह ती जागा दाखवेल. आणि या पंधरा तुकड्यांची नुसती पहिली अक्षरं घेतली की इंग्रजीत 'क्लोज बाय अँप्टहिल', म्हणजे इंग्लंडमधल्या अँप्टहिल या गावाजवळ. एकाच वाक्यात दोन उत्तरं विणलेली. मी कितीतरी वर्षं शब्दकोडी करते, पण इतकं घट्ट विणकाम क्वचित पाहिलंय.

त्यामुळे @आगरवाट, मी तुमच्याशी असहमत. किटने रेघांची युक्तीसुद्धा पुस्तकातच दाखवली होती. एका चित्रात न्यूटन आहे आणि त्याच्याजवळच्या बाहुल्यांना दोऱ्या बांधल्यात. दोऱ्या बघा, असंच तो सांगत होता. लोकांनी बघितल्या नाहीत.

---

स्पष्टवक्ता
१५ एप्रिल, सकाळी ७:४८

शब्दकोडीताई, रेघ नक्की कुठल्या डोळ्यापासून कुठल्या बोटापर्यंत, हे उत्तर कळल्यावर सोपं. आधी चित्रात शंभर गोष्टी दिसतात. गवतात लपलेले ससे, आकड्यांचे चौकोन, तारे, कासव. माणूस त्यातली कुठलीही गोष्ट धरून कुठेही पोचू शकतो, आणि तसेच पोचले. ग्लॉस्टरशरमध्ये 'हेअर्सफील्ड बीकन' नावाची टेकडी आहे. नावातच ससा! लोक तिथे इतके खणायला लागले की अखेर किटला स्वतःच्या खर्चाने पाटी लावावी लागली, ससा इथे जवळपास नाही म्हणून. जे कोडं रचल्यावर अशी पाटी लावायची वेळ येते, त्यात रचणाऱ्याची काही चूक नाही असं कसं म्हणायचं? धागाकर्त्याशी सहमत.

---

बेडफर्डवासी
१५ एप्रिल, दुपारी ४:३०

अँप्टहिल आमच्यापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे! गेल्या वर्षी मुलीला घेऊन मुद्दाम गेलो होतो.

ससा पुरला ती बाग म्हणजे आपल्याकडच्यासारखी फुलझाडांची बाग नव्हे. मोठं कुरण, जुने ओक, आणि मधोमध एक लांब चढ. वर चढून गेलं की दगडी क्रॉस, कॅथरिनचा. कोड्यातलं 'लांब बोट' ते हेच. ही कॅथरिन म्हणजे आठव्या हेन्रीची पहिली राणी, कॅथरिन ऑफ अ‍ॅरागॉन. इथल्या गढीत तिला ठेवलं होतं. १५३३ मध्ये जवळच डन्स्टेबलला तिचं लग्न रद्द ठरवलं गेलं तेव्हा ती इथेच होती. गढी आता नाही. हा क्रॉस पुढे १७७३ मध्ये तिच्या आठवणीसाठी उभारला. म्हणजे ज्या बाईचं सगळं हिरावून घेतलं गेलं, तिच्याच खुणेच्या सावलीत किटने सोनं पुरलं. मुलीला हे सांगितल्यावर ती क्रॉसच्या पायरीवर बराच वेळ गप्प बसली होती.

वारा भन्नाट होता. आम्ही विषुवदिनाला नव्हतो गेलो, जूनमध्ये गेलो. सावली अगदीच आखूड. तिथे उभं राहिल्यावर कळलं की तारीख चुकली तर सगळंच चुकलं.

---

उत्तरायण
१५ एप्रिल, रात्री ९:०२

बेडफर्डवासी, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून राहवलं नाही. भूगोल शिकवण्यात माझी ३१ वर्षं गेली.

विषुवदिनी सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी मध्यान्हीची सावली फक्त दोन गोष्टींवर ठरते, वस्तूची उंची आणि त्या जागेचा अक्षांश. अँप्टहिल ५२ अंशांवर आहे, म्हणून सावली उंचीच्या साधारण सव्वापट. पुण्यात १८.५ अंश, म्हणून सावली उंचीच्या एक तृतीयांश. आणखी एक सुंदर गोष्ट. विषुवदिनी सावलीचं टोक दिवसभर सरळ रेषेत पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. इतर दिवशी ते वक्र रेषेत जातं. अंगणात काठी रोवून दर अर्ध्या तासाने खडा ठेवला की मुलं स्वतः बघू शकतात. मी दरवर्षी शाळेत करायचो आणि खडे सरळ रांगेत लागलेले बघून मुलांचे चेहरे बदलायचे.

आता मेख. मध्यान्ह म्हणजे घड्याळात बारा नव्हे. अँप्टहिलला मार्चच्या विषुवदिनी सूर्य सर्वांत उंचावर येतो तेव्हा घड्याळात १२ वाजून ९ मिनिटं होतात. सप्टेंबरमध्ये उन्हाळी वेळेमुळे, म्हणजे घड्याळं तासभर पुढे केलेली असल्यामुळे, तेच १२:५४. घड्याळ बघून खणणारा बाजूलाच खणणार. शिवाय सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्यामुळे उंच वस्तूच्या सावलीचं टोक कधीच धारदार नसतं, वीतभर तरी धूसर असतं.

---

नंदाआजी
१६ एप्रिल, सकाळी ६:१५

सावलीवरून आठवलं. आमची आजी एक गोष्ट सांगायची, तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. एका सावकाराने मरताना चोपडीत लिहून ठेवलं, 'चैत्र शुद्ध नवमी, भर दुपार, धन देवळाच्या कळसात.' मुलाने कळस उतरवायला माणसं लावली. गावात बोंब झाली. तेव्हा म्हातारा गुमास्ता म्हणाला, अरे वेड्या, कळस तेव्हा कुठे असतो ते बघ. रामनवमीच्या दुपारी कळसाची सावली वाड्याच्या अंगणात पडली, तिथे खणलं आणि हंडा निघाला.

अशा लिहून ठेवलेल्या खुणेला आमच्याकडे बीजक म्हणत. तुमच्या त्या किटने बीजकच लिहिलं की.

---

शब्दकोडी
१६ एप्रिल, सकाळी ८:३०

आजी, काय सुंदर! 'बीजक' हा शब्द विसरलेच होते.

---

उत्तरायण
१६ एप्रिल, सकाळी १०:४४

नंदाआजी, गोष्ट लहानपणी मीही ऐकली आहे आणि मला ती फार आवडते. पण सावकाराने एक चूक केली. रामनवमी तिथीने येते, सूर्याच्या तारखेने नाही. २०१५ मध्ये ती २८ मार्चला होती, २०२४ मध्ये १७ एप्रिलला. पुण्याच्या अक्षांशावर कळस ६० फूट उंच धरला, तर २८ मार्चला मध्यान्हीची सावली १७ फूट आणि १७ एप्रिलला साडेआठ फूट. म्हणजे कुठल्या वर्षीची रामनवमी हे माहीत नसेल तर मुलाला आठ फुटांची चरच खणावी लागणार. किटने विषुवदिन निवडला म्हणून दर वर्षी सावली त्याच जागी पडते. इथे तो शंभर टक्के प्रामाणिक होता.

---

नंदाआजी
१६ एप्रिल, सकाळी ११:१०

सर, गुमास्त्याला वर्ष माहीत होतं. चोपडीवर शक घातलेला असतो.

---

उत्तरायण
१६ एप्रिल, सकाळी ११:१४

मान्य! निरुत्तर केलंत.

---

कातळटोपी
१६ एप्रिल, रात्री ८:२०

थोडं कडू लिहितो, पण मनापासून.

गेली पंधरा वर्षं किल्ल्यांवर जातोय. दर पावसाळ्यानंतर कुठे ना कुठे ताजा खड्डा दिसतो. कधी देवळातल्या मूर्तीमागे, कधी टाक्याच्या काठाला, कधी शिलालेखाच्या पायथ्याशी. गुप्तधनासाठी खणलेलं असतं. गेल्या वर्षी एका दुर्गावर चारशे वर्षं उभा असलेला वीरगळ उपटून उताणा टाकलेला पाहिला. बाजूला लिंबं, कुंकू, अर्धी जळलेली अगरबत्ती. आम्ही सहा जणांनी तो उचलून पुन्हा बसवला, पण पायाजवळून चिरला तो चिरलाच. म्हणून 'खजिना शोधा' असं कुणी मजेने म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. मुलांना खजिन्याची गोडी लावताना, दुसऱ्याच्या जमिनीत आणि जुन्या वास्तूत कुदळ घालायची नाही, हेही सांगा.

---

सातबारा
१६ एप्रिल, रात्री ९:३५

कातळटोपी यांना अनुमोदन. महसूल खात्यात नोकरी झाली, म्हणून कायद्याचं थोडं.

जमिनीत दडलेलं काही मौल्यवान सापडलं आणि त्याची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असली, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. १८७८ चा निखात निधी अधिनियम. न कळवता ठेवून घेणं हा गुन्हा. रीतसर कळवलं आणि मालक नाही असं ठरलं, तर सापडवणाऱ्यालाच त्याचा मोठा वाटा मिळतो. जमीनमालकाने हक्क सांगितला तर पाऊण भाग सापडवणाऱ्याचा, पाव भाग मालकाचा. लोकांना वाटतं सगळं सरकारजमा होतं, म्हणून दडवतात. संरक्षित किल्ल्यात मुळात खणायचीच मनाई आहे, तो वेगळा गुन्हा. आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो.

आगरवाट, तुमची बरणी यात येत नाही. मालक जिवंत आहे आणि त्यानेच पुरली आहे. :)

---

मिनू
१६ एप्रिल, रात्री ९:५०

माझा मामा पायाळू आहे. लहानपणी गावातला एक माणूस त्याच्या डोळ्यात काजळ घालून, जमिनीखालचं दिसतंय का, असं विचारायला आला होता. आजीने उलथनं घेऊन त्याला फाटकापर्यंत पिटाळलं.

---

नंदाआजी
१७ एप्रिल, सकाळी ६:०२

तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग. त्या काजळापायी किती लेकरांचे हाल झालेत, ते आम्ही ऐकलंय.

---

ल्यांवकर
१७ एप्रिल, दुपारी २:४०

उशिरा आले. मी फ्रान्समध्ये ल्यांला राहते. मूळ प्रश्नासाठी इथलं उदाहरण फार महत्त्वाचं आहे.

१९९३ च्या एप्रिलमध्ये माक्स व्हालांतां या टोपणनावाच्या लेखकाने कांस्याचं घुबड पुरलं. ते आणून देणाऱ्याला सोन्या-चांदीचं, हिरे जडवलेलं खरं घुबड मिळणार होतं. पुस्तकात ११ कोडी, चित्रं मिशेल बेकर यांची. सापडलं कधी? ३ ऑक्टोबर २०२४ ला. ३१ वर्षं! लेखक २००९ मध्ये गेले. तोवर वर्षानुवर्षं ते लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिले, आधी मिनिटेलवर. मिनिटेल म्हणजे फ्रान्समध्ये इंटरनेटच्या आधी टेलिफोनला जोडलेलं पडद्याचं यंत्र. लोकांनी त्यांची उत्तरं वहीत उतरवून त्यांचाही कीस पाडला.

माझ्या इमारतीतल्या खालच्या मजल्यावरचे आजोबा पहिल्या वर्षापासून शोधत होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फ्रान्सचा मोठा नकाशा, त्यावर पेन्सिलीच्या इतक्या रेघा की गावांची नावं दिसत नव्हती. सापडल्याची बातमी आली त्या सकाळी जिन्यात भेटले. म्हणाले, आता नकाशा उतरवावा लागेल. दोन महिन्यांनी घरी गेले तेव्हा नकाशा होता तिथेच होता. आता ते, सापडलेली जागा आपल्या रेघांपासून किती दूर, ते मोजत होते.

त्यांना विचारलं तर ते म्हणतील, ३१ वर्षं ही चूक नव्हे, भेट आहे. पण माझा आक्षेप वेगळा. लेखक गेल्यावर चित्रकार बेकर यांनी २०२१ मध्ये ती जागा उकरून पाहिली, तर कांस्याच्या घुबडाऐवजी गंजलेला लोखंडी पक्षी निघाला. त्यांनी नवं घुबड पुरलं. लोकांनी तीस वर्षं ज्याच्यावर विश्वास ठेवला, ते तिथे होतं की नाही, याची खात्री कुणी द्यायची?

---

शब्दकोडी
१७ एप्रिल, दुपारी ३:३०

अमेरिकेतही असंच. बायरन प्राइस यांनी १९८२ च्या 'द सिक्रेट' पुस्तकासाठी १२ पेट्या वेगवेगळ्या शहरांत पुरल्या. १२ चित्रं, १२ कविता, योग्य जोडी लावायची. १९८३ मध्ये शिकागो, २००४ मध्ये क्लीव्हलंड, २०१९ मध्ये बॉस्टन. तीनच. प्राइस २००५ मध्ये अपघातात गेले आणि बाकीचे पत्ते त्यांच्याबरोबर गेले. या चाळीस वर्षांत बागा बदलल्या, रस्ते रुंद झाले. कविता अचूक आहे, पण तिने सांगितलेलं झाड नाही.

इथे मात्र मी धागाकर्त्याच्या बाजूला सरकते. कोडं अवघड असो, चालेल. पण उत्तर दुसऱ्या कुणाकडे तरी बंद पाकिटात हवं. किटने तेवढं केलं होतं. पुरताना टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेचे बॅम्बर गॅस्कॉइन साक्षीला होते.

---

स्पष्टवक्ता
१७ एप्रिल, सायंकाळी ६:१५

साक्षीदार असूनही घोटाळा झालाच ना? ससा कुणी जिंकला ते कुणी लिहिलंच नाही अजून.

१९८२ च्या सुरुवातीला 'केन थॉमस' नावाने एकाने किटला जागेचं ओबडधोबड रेखाचित्र पाठवलं आणि तोच विजेता ठरला. १९८८ मध्ये संडे टाइम्सने उघड केलं की हे नाव खोटं होतं आणि किटच्या पूर्वीच्या ओळखीतून त्याला ठिकाणाचा सुगावा लागला होता. कोडं त्याने सोडवलंच नव्हतं. खरं कोडं सोडवलं होतं फिजिक्सच्या दोन शिक्षकांनी, बार्कर आणि रूसो. त्यांनी त्या जागी जाऊन खणलंही होतं! ससा मेण भरलेल्या, सशाच्याच आकाराच्या मातीच्या भांड्यात होता, धातुशोधकाला चकवण्यासाठी. उकरलेल्या मातीत तो त्यांच्या नजरेतून निसटला असं मानलं जातं. त्यांचं संपूर्ण उत्तर किटकडे पोचलं तेव्हा ससा दुसऱ्याच्या नावावर लागला होता. पुढे सोदबीजच्या लिलावात तो ३१,९०० पौंडांना गेला.

ही गोष्ट मला नुसती ऐकीव वाटत नाही. कॉलेजात असताना एका साप्ताहिकाच्या कोडेस्पर्धेसाठी मी आणि माझ्या मित्राने अकरा आठवडे रात्री जागवल्या होत्या. उत्तर बरोबर आलं. बक्षीस ज्याला मिळालं तो छापखान्यातल्या माणसाचा मेहुणा निघाला. आम्ही तक्रार केली, उत्तर आलं नाही. बक्षीस फक्त सायकल होती, पण मित्र कॉलेजला रोज सहा किलोमीटर चालत यायचा. अजून ती सायकल डोळ्यांसमोर येते.

---

बेडफर्डवासी
१७ एप्रिल, सायंकाळी ७:४०

स्पष्टवक्ता, वाचून खरंच वाईट वाटलं.

त्या दोन शिक्षकांचा विचार मी क्रॉसपाशी उभा असताना केला होता. तिथली माती वाळूसारखी, तांबूस. भांडंही मातीचंच. हिवाळ्यातल्या ओल्या ढेकळांत मातीचं भांडं दिसणार कसं?

---

उत्तरायण
१७ एप्रिल, रात्री ९:१५

आणि फेब्रुवारी-मार्चच्या ढगाळ हवेत सावलीची वाट न बघता ती गणिताने काढावी लागते. ज्यांनी ते केलं, त्यांना शिक्षक म्हणून माझा मानाचा मुजरा. ससा कुणाकडेही असो.

---

आगरवाट
१८ एप्रिल, रात्री १०:५०

सगळं दोन-दोनदा वाचलं. माझं मत थोडं बदललंय. अवघडपणाला दोष देणार नाही. तीन गोष्टी मात्र पाळणार. उत्तर पाकिटात घालून आईकडे देणार, बरणी भडक रंगाच्या कापडात बांधणार, आणि ज्यांनी पुरताना पाहिलं त्यातलं कुणी मुलांबरोबर फिरणार नाही.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची कविता इथे देतो. सुटते का बघा, आणि खोट असेल तर स्पष्ट सांगा.

विझल्या चुलीत शोधू नका,
हिंडून अंगण तुडवू नका,
रीघ मुंग्यांची जाते जिथे,
माती उकरून पाहा तिथे,
गेलात पुढे तर या मागे.

---

शब्दकोडी
१८ एप्रिल, रात्री १०:५४

ओळींची पहिली अक्षरं. विहिरीमागे. छान जमलंय!

---

मिनू
१८ एप्रिल, रात्री ११:०१

शब्दकोडीताईंना चार मिनिटं लागली. सहा वर्षांचं पोर मात्र थेट मुंग्यांच्या वारुळात हात घालणार. लाल मुंग्या असतील तर बघायलाच नको.

---

स्पष्टवक्ता
१८ एप्रिल, रात्री ११:१०

मिनूचं बरोबर आहे. हीच ती हेअर्सफील्डची पाटी. फसवी ओळ अशी हवी की तिच्यामागे गेलं तर वेळ जाईल, इजा होणार नाही.

---

कातळटोपी
१९ एप्रिल, सकाळी ७:०५

शिवाय विहिरीमागे पाचोळा आणि चिऱ्यांची रास असणारच. गुहागरच्या बाजूला फुरसं सर्रास असतं, आणि ते पाचोळ्यात दिसत नाही. आधी जागा साफ करा, रास हलवा, मुलांना हाताने नाही, खुरप्याने माती काढायला सांगा. विहिरीवर जाळी आहे ना? अमेरिकेत फॉरेस्ट फेन यांच्या २०१० च्या पुस्तकातल्या कवितेवरून रॉकी पर्वतात पेटी शोधताना पाच जणांचा जीव गेला. २०२० मध्ये पेटी वायोमिंगमध्ये सापडली, पण ती पाच घरं कायमची रिकामी झाली.

---

नंदाआजी
१९ एप्रिल, सकाळी ७:३०

आणि बरणी चिनीमातीचीच घ्या. लाकडी पेटी वाळवी पंधरा दिवसांत खाते. झाकणाच्या कडेने मेण ओता, लोणच्याच्या बरणीला ओततो तसं.

---

आगरवाट
१९ एप्रिल, दुपारी १:१५

सगळं मान्य. विहिरीला लोखंडी जाळी आहे, तरी दोन मोठी माणसं तिथे उभी राहतील. रास आजच हलवली, फुरसं नाही पण दोन विंचू निघाले. कातळटोपी, तुमचे आभार कसे मानू? मुंग्यांची ओळ आता 'रीघ पाखरांची उतरते जिथे' अशी केली आहे. मुलं वर बघत फिरतील.

---

आगरवाट
११ मे, रात्री ११:३०

वृत्तांत द्यायचा राहिला होता.

मुलांना तीन दिवस लागले. पहिला दिवस चूल आणि अंगण, म्हणजे नेमकं जिथे नाही म्हटलं होतं तिथे. दुसऱ्या दिवशी पाखरांच्या मागे नारळी-पोफळीतून. उत्तरायण सर, तुमची काठी आणि खडेही केले, खड्यांची रांग किंचित वाकडी आली, कारण मे आहे. थोरल्या पुतणीने, ती विषुवदिनाला का सरळ येते, हे सगळ्यांना समजावून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक पडवीत पडलं होतं. नऊ वर्षांचा भाचा उलटा लोळून वाचत होता, त्याला वाचायला अजून जड जातं. बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने म्हणत ओळीच्या सुरुवातीशी यायचा आणि तिथेच अडायचा. वि. हि. री. मग एकदम उठून बसला. कुणाला काही न सांगता धाकट्या बहिणीचा हात धरून विहिरीकडे निघाला. वर्गात जो सर्वांत मागे म्हणून घरात सगळे त्याची काळजी करतात, त्याने सोडवलं. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, हे बघत दारात उभी होती, तिला बोलताच येईना.

बरणीचं मेण त्याने चमच्याने काढलं. नाणी सात. प्रत्येकाला एक त्याने स्वतः वाटली.

---

शब्दकोडी
११ मे, रात्री ११:४१

डोळ्यांत पाणी आलं हो. त्याला माझ्याकडून एक कोड्यांची वही पाठवू का? पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा.

---

स्पष्टवक्ता
१२ मे, सकाळी ८:००

सायकल मिळाल्यासारखं वाटलं.

---

आगरवाट
१६ मे, रात्री ९:२०

मंडळी, मदत हवी आहे. मुलं काल पुण्याला गेली. जाताना त्यांनी माझ्यासाठी काहीतरी लपवून ठेवलंय आणि उशीखाली ही चिठ्ठी. फोनवर सांगायला कुणी तयार नाही, आईसुद्धा त्यांना सामील आहे. पाकीट तिच्याकडेच.

परवा आम्ही गाडीत बसू,
डब्यातला लाडू खाऊन हसू,
वीज गेली तर कंदील लाव,
तरच कळेल खजिन्याचा गाव.

कालपासून लाडवांचे सगळे डबे पालथे घातले. माळ्यावरचा कंदील उतरवून काच पुसली, वात काढली, तेलाच्या टाकीत वाकून बघितलं. विजेच्या मीटरची पेटीही पाहिली. आज संध्याकाळी वीज गेली, तेव्हा तो कंदील लावून घरभर फिरलो. काही नाही.

---

मिनू
१६ मे, रात्री ९:२३

काका, पहिली अक्षरं!

---

आगरवाट
१६ मे, रात्री ९:२९

पडवीत!! थांबा, बॅटरी घेऊन जातो.

---

आगरवाट
१६ मे, रात्री १०:०५

झोपाळ्याच्या फळीखाली दोऱ्याने बांधलेली काड्यापेटी. आत नारळाच्या करवंटीचा घासून घासून केलेला ससा, अंगठ्याएवढा. एक कान तुटलाय, तो डिंकाने चिकटवलाय, डिंक अजून ओलसर आहे.